टर्बो गाडीचा सायलेन्सर घरी बदलताना

गॅरेजमध्ये ज्याला सरसकट ‘सायलेन्सर’ म्हणतात, ती प्रत्यक्षात इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत गेलेली अनेक भागांची लाइन असते. जळालेला वायू बाहेर नेणे, त्यातले विषारी घटक कमी करणे आणि आवाज दाबणे ही तिची तीन कामे. टर्बोचार्जर असलेल्या गाडीत तिच्यावर चौथे काम येते. बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर टर्बाइनचे चाक फिरते आणि त्या चाकाच्या बळावर इंजिनाला जादा हवा मिळते. लहान गाड्यांच्या टर्बोचे हे चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. पेट्रोल गाडीवर पूर्ण ताण असताना त्याच्यावर येणारा वायू ९०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो. साध्या गाडीत खपून जाणारी सैल पॅकिंग किंवा आत राहिलेला गंजाचा खडा टर्बो गाडीत म्हणूनच महागात पडतो. हे काम घरी करता येते. मात्र नट खोलणे आणि आवळणे हा त्यातला सोपा भाग आहे; प्रत्येक सांधा स्वच्छ, सरळ आणि हवाबंद बसवणे हे खरे काम आहे.

वायूचा मार्ग

इंजिनाच्या हेडमधून निघालेला वायू आधी मॅनिफोल्डमध्ये गोळा होतो आणि तिथून टर्बाइनच्या बिडाच्या घरात शिरतो. फोक्सवॅगनचे १.० टीएसआय किंवा फोर्डचे १.० इकोबूस्ट अशा इंजिनांत मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो आणि टर्बो थेट हेडवर बसतो. टर्बाइनमधून निघालेल्या वायूला खाली वळवणारा पाइप म्हणजे डाउनपाइप. आजच्या बहुतेक टर्बो पेट्रोल गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या पाइपलाच जोडलेला असतो. कन्व्हर्टरच्या आतल्या चिनी मातीच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. हा थर साधारण २५० ते ३०० अंशांच्या पुढेच कामाला लागतो आणि टर्बोच्या शेजारी असल्यामुळे तो लवकर तापतो. कन्व्हर्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पहिल्याच्या सांगण्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवतो, तर दुसरा कन्व्हर्टर नीट काम करतो की नाही ते पाहतो.

पुढे तारेच्या जाळीने मढवलेला लवचीक तुकडा लागतो, तो फ्लेक्स पाइप. इंजिन स्वतःच्या माउंटिंगवर डोलते आणि मागची लाइन गाडीच्या तळाला टांगलेली असते. या दोहोंमधला हिसका फ्लेक्स पाइप पचवतो. त्यानंतर मधला पाइप, बहुधा आवाज कमी करणारा एक रेझोनेटर, मागचा सायलेन्सर आणि टेलपाइप. ही सगळी लाइन रबरांवर लटकलेली असते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांत टर्बोच्या पुढे ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट आणि काजळी अडवणारा डीपीएफ बसवलेला असतो. त्यावर तापमानाचे सेन्सर आणि दाब मोजणाऱ्या बारीक नळ्याही असतात. जुन्या डिझेल गाड्यांची लाइन मानाने साधी असते. स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंतो अशा अनेक गाड्यांत गेलेले फियाटचे १.३ मल्टिजेट इंजिन याचे ओळखीचे उदाहरण आहे.

या मार्गाचे टर्बोच्या आधीचा आणि टर्बोच्या नंतरचा असे दोन भाग केले, की दोष समजायला सोपे जाते. आधीच्या भागात वायूचा दाब जास्त असतो. तिथे गळती झाली तर टर्बाइनला मिळणारा जोर कमी होतो आणि गाडी उशिरा ओढते. नंतरच्या भागात, विशेषतः सेन्सरच्या आसपास फट पडली, तर वायूच्या लाटांमधल्या कमी दाबाच्या क्षणी बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला ती इंजिनातलीच हवा वाटते, संगणक पेट्रोल वाढवतो आणि गाडी विनाकारण जास्त पिऊ लागते.

दोष नेमका कुठे आहे

नवा भाग आणण्याआधी जुन्याचा दोष नक्की करावा. सकाळी थंड इंजिन सुरू करताच टक-टक आवाज येतो आणि गाडी तापल्यावर तो विरतो, अशी तक्रार असेल तर मॅनिफोल्डची किंवा टर्बोची पॅकिंग गेली आहे, किंवा बिडाला तडा गेला आहे, असा संशय घ्यावा. धातू तापून फुगला की फट मिटते आणि आवाज थांबतो. गळतीची दुसरी खूण डोळ्यांना दिसते. फ्लँजच्या, म्हणजे दोन भाग जोडणाऱ्या चपट्या तोंडाच्या, कडेपासून पंख्यासारखा पसरलेला काळा डाग दिसला, तर त्या पंख्याच्या टोकाशी फट सापडते. गाडी थंड असताना टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन हे पाहावे.

तळाखालून खडखड येत असेल तर आधी उष्णतारोधक पत्रे हाताने हलवून पाहावेत, कारण बहुतेक वेळा त्यांचा एखादा स्क्रू गंजून गळालेला असतो. पत्रे घट्ट असतील तर कन्व्हर्टरवर मूठ आपटून ऐकावे. आतली जाळी फुटली असेल तर तुकडे वाजतात.

ओबीडी स्कॅनर आता घरगुती वापरासाठीही मिळतो आणि या कामासाठी तो जवळ असावाच. पी-०४२० हा कोड कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सांगतो, पी-०२९९ टर्बोचा दाब कमी पडत असल्याचे, तर पी-०१३५ पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटमधला दोष दाखवतो. कोड म्हणजे निकाल मात्र नव्हे. सेन्सरजवळच्या फटीमुळेही पी-०४२० उमटू शकतो. कन्व्हर्टर हा या लाइनमधला सर्वात महाग भागांपैकी एक असल्याने आधी गळती शोधावी, मग खर्चाचा विचार करावा. तसेच डाउनपाइप आतून तेलाने ओला असेल आणि निळसर धूर येत असेल, तर मूळ दुखणे टर्बोच्या सीलमध्ये असण्याची शक्यता मोठी. ते बरे केल्याशिवाय नवा कन्व्हर्टर बसवला तर तोही तेलाने खराब होतो.

मागचा सायलेन्सर सडतो तो मुख्यतः आतून. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास तेवढेच पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. दूध-भाजीपुरत्या छोट्या फेऱ्यांत लाइन पुरती तापत नाही, वाफेचे पाणी होऊन सायलेन्सरच्या तळाशी साचते आणि पत्रा खाते. कोकण किनाऱ्यावर आणि गोव्यात खारी हवा बाहेरूनही हेच काम करते. अनेक सायलेन्सरना तळाशी बारीक छिद्र असते, ते पाणी निथळण्यासाठीच ठेवलेले असते. गळती समजून ते बुजवू नये.

घरी काय करावे, गॅरेजवर काय सोपवावे

मागचा सायलेन्सर, मधला पाइप, रबरे आणि क्लॅम्प हे काम पाना हातात धरता येणाऱ्या कोणालाही एका मदतनीसाच्या साथीने अर्ध्या दिवसात जमते. ऑक्सिजन सेन्सर बदलणेही, तो हाताला येत असेल तर, घरचेच काम आहे. डाउनपाइप मात्र ज्याने आधी असे काम केले आहे त्यानेच हाती घ्यावा आणि त्यासाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा. फ्लेक्स पाइप बहुधा वेल्डिंगने जोडलेला असतो. तो भाग सोडवून चांगल्या वेल्डरकडे नेणे योग्य. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर आधी बॅटरी सोडवावी.

मॅनिफोल्ड, टर्बो आणि डीपीएफ घरी उघडू नयेत. टर्बोला तेलाच्या आणि बहुधा पाण्याच्याही नळ्या असतात, आणि त्यांतली एक चुकीची बसली तर नवा टर्बो काही मिनिटांत निकामी होतो. डीपीएफ बदलल्यावर गाडीच्या संगणकातली काजळी व राखेची नोंद योग्य स्कॅनरने नव्याने करावी लागते. गाडी वॉरंटीत असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटर हाच एक पर्याय समजावा.

भाग आणि हत्यारे

भाग मागवताना मॉडेल, वर्ष आणि इंजिन यांबरोबर चॅसी नंबरही द्यावा. एकाच नावाच्या गाडीत बीएस-४ आणि बीएस-६ यांचे डाउनपाइप, सेन्सरच्या जागा आणि कन्व्हर्टर वेगळे असू शकतात. नवा भाग घरी आला की जुन्याशेजारी ठेवून फ्लँजची छिद्रे, वाकणे, टांगण्याचे गज आणि सेन्सर बसवायची छिद्रे ताडून पाहावीत. जुना काढण्याआधी हे जेवढे बघता येईल तेवढे बरे. बाजारात मिळणाऱ्या पाइपचा पत्रा तपासायला लोक लोहचुंबक लावतात, पण त्यावर विसंबू नये. कंपनीच्या लाइनमध्ये सर्रास वापरले जाणारे ४०९ जातीचे स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटते.

मोठ्या भागासोबत पुढील किरकोळ वस्तू नव्याच घ्याव्यात: उघडल्या जाणाऱ्या प्रत्येक सांध्याची पॅकिंग, टर्बोजवळचे तांब्याचा मुलामा दिलेले लॉक नट, गंजलेले स्टड, क्लॅम्प आणि सायलेन्सरची रबरे. टर्बोजवळची पॅकिंग बहुधा स्टीलच्या पातळ पत्र्यांची असते आणि तिच्यावर एक बारीक उंचवटा उठवलेला असतो. पहिल्यांदा आवळताना हा उंचवटा चेपतो आणि फट बंद करतो. एकदा चेपलेला उंचवटा पुन्हा तसे काम करीत नाही. म्हणून जुनी पॅकिंग दिसायला कितीही चांगली असली तरी ती टाकूनच द्यावी.

हत्यारांत गोटी पाने आणि लांब एक्स्टेंशन, रिंग पाने, टॉर्क रेंच, तारेचा ब्रश, गंज सोडवणारे पेनिट्रेटिंग ऑइल, आटे जखडू न देणारा निकेलयुक्त अँटीसीझ लेप आणि ऑक्सिजन सेन्सरसाठी वायर जाण्यापुरती खाच असलेला २२ मिलिमीटरचा गोटी पाना लागतो. यासोबत गाडी तोलण्यास पुरेसा जॅक आणि किमान दोन भक्कम जॅक स्टँड हवेत. गॅरेजात या स्टँडना घोडी म्हणतात. चष्मा, जाड हातमोजे आणि एन-९५ मास्क यांना पर्याय नाही. तळाखाली पडून काम करताना गंजाचा चुरा सरळ डोळ्यांत येतो.

जिवाची काळजी

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करावी. पावसाळ्यात मऊ झालेल्या मातीवर किंवा हलणाऱ्या पेव्हर ब्लॉकवर स्टँड कलंडतो. जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक ओढावा आणि गाडी कंपनीने सांगितलेल्या ठिकाणीच उचलावी. स्टँडवर उतरवल्यानंतर खाली जाण्याआधी बंपर धरून गाडी जोराने हलवून पाहावी. हलायचीच असेल तर ती तेव्हा हलू द्यावी.

टर्बो आणि कन्व्हर्टर तासन्‌तास गरम राहतात. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काम सुरू करणे उत्तम. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. पेट्रोलची नळी बहुतेक गाड्यांत याच लाइनच्या बाजूने जाते, म्हणून कटर किंवा ग्राइंडर चालवण्याआधी ती कुठे आहे ते पाहावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा.

सर्वात मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही आणि नाकालाही कळत नाही. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. बंद गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन सुरू करून गळती तपासणे जिवावर बेतू शकते. तपासणी उघड्यावरच करावी.

काढणी

कामाची सुरुवात आदल्या संध्याकाळी होते. प्रत्येक नटावर आणि दिसणाऱ्या आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवावे. दोन-तीन तासांनी पुन्हा मारावे आणि रात्रभर मुरू द्यावे. आटे आधी तारेच्या ब्रशने साफ केले तर तेल आत उतरते. त्याच वेळी मोबाइलवर सेन्सरच्या वायरी, क्लिपा, पत्रे आणि क्लॅम्पची दिशा यांचे फोटो काढून ठेवावेत. जोडताना हेच फोटो कामी येतात.

सकाळी पहिला हात सेन्सरच्या वायरीला लावावा. आधी कनेक्टरची क्लिप दाबून तो सोडवावा, मग सेन्सर. वायर ओढून किंवा पिळून सेन्सर काढू नये. सेन्सर अडला तर पान्याला झटका देण्यापेक्षा किंचित आवळून मग सोडवावा आणि पुढे-मागे करत बाहेर आणावा. निघालेला सेन्सर जमिनीवर पडला किंवा त्याच्या टोकाला तेल लागले तर तो खराब झाल्याचे धरून चालावे.

मागची लाइन मागून पुढे काढावी. रबरांना साबणाचे पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे लावला की ती गजावरून सहज सरकतात. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते आणि सैल पडते. सायलेन्सर वाटतो त्यापेक्षा जड असतो. शेवटचे रबर काढण्याआधी मदतनीसाने तो खालून धरावा किंवा खाली दुसरा जॅक आणि फळी द्यावी. एकात एक बसलेले पाइप गंजून जखडले असतील तर पाइप पिळत, हलवत सोडवावेत. ज्या बाजूचा भाग टाकायचाच आहे त्याला हॅक्सॉने लांबीच्या दिशेने चीर द्यायलाही हरकत नाही, पण राहणाऱ्या पाइपवर पाते घसरू देऊ नये. या सगळ्या हालचालीत फ्लेक्स पाइपवर वजन येऊ देऊ नये. मागची लाइन सुटल्यावर पुढचा तुकडा तारेने वर बांधून ठेवावा, कारण लोंबकळणाऱ्या पाइपने वाकलेला फ्लेक्स पाइप पुढे तिथेच फाटतो.

डाउनपाइप काढायचा असेल तर आधी उष्णतारोधक पत्रे, मग खालचा आधाराचा ब्रॅकेट आणि शेवटी टर्बोचा सांधा असा क्रम ठेवावा. काही गाड्यांत तिथे तीन-चार स्टड असतात, काहींत एकाच बोल्टने आवळला जाणारा व्ही-बँड क्लॅम्प असतो. शेजारीच टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या वेस्टगेटचा दांडा असतो. त्याला धरून जोर काढू नये आणि त्यावर पानाही टेकवू नये, कारण त्याची लांबी ठरावीक मापात बसवलेली असते.

अडलेला स्टड

घरच्या कामाला खीळ बसते ती बहुधा इथेच. वर्षानुवर्षे लालबुंद होऊन थंड झालेला स्टड ठिसूळ होतो आणि जोर लावताच कट्‌कन तुटतो. म्हणून नट एका दमात फिरवू नये. पाव फेरा सोडवावा, थोडा परत आवळावा, तेल द्यावे आणि पुन्हा सोडवावा. आट्यांतला गंजाचा चुरा असा हळूहळू बाहेर येतो. पान्याला करकर जाणवू लागली, की ती ताकद वाढवण्याची नव्हे, थांबण्याची खूण समजावी.

नटासोबत स्टडच फिरून बाहेर आला तर काही बिघडले नाही. नवा स्टड घालावा. जुना स्टड जागेवर राहिला पण आटे खराब झाले, तर त्यावर दोन नट चढवून एकमेकांवर घट्ट आवळावेत आणि आतल्या नटाला पाना लावून स्टड उलटा फिरवावा. दोन्ही नट एकमेकांना जखडतात आणि पूर्ण स्टड एकाच बोल्टसारखा बाहेर येतो. तो फ्लँजच्या पातळीला तुटला असेल, तर घरी ड्रिल चालवण्याचा मोह आवरावा. ड्रिल जरा तिरके गेले की टर्बाइनचे बिडाचे घरच बदलायची वेळ येते. अशा स्टडवर नट वेल्ड करून तो काढणे हे सरावलेल्या कारागिराचे काम आहे.

टर्बोचे तोंड उघडे असताना

डाउनपाइप सुटला की टर्बाइनचे चाक समोर दिसते. या क्षणी सर्वात जास्त काळजी घ्यायची असते. तुटलेला पॅकिंगचा तुकडा, वॉशर किंवा गंजाची खपली आत राहिली, तर बाहेर जाताना ती कन्व्हर्टरच्या जाळीवर आपटते. टर्बोच्या आधीच्या बाजूने काही शिरले तर ते थेट फिरत्या पात्यांवर जाते आणि चाकाचा तोल बिघडतो. तोंडावर लगेच स्वच्छ, धागे न सुटणारा कपडा ठेवावा. तो आत कोंबू नये, बाहेर लोंबता ठेवावा आणि शक्यतो भडक रंगाचा घ्यावा, म्हणजे जोडताना विसरला जाणार नाही.

कपडा लावण्याआधी चाकाची पाहणी करून घ्यावी. चाक बोटाने सहज फिरले पाहिजे आणि पाती घराच्या भिंतीला कुठेही घासता कामा नयेत. आडवी किंचित हालचाल तेलावर चालणाऱ्या बेअरिंगमध्ये असतेच. आत-बाहेर हालचाल हाताला स्पष्ट जाणवली, पाती कडांना खाल्लेली दिसली किंवा तेलाचा ओघळ दिसला, तर काम थांबवून टर्बो तज्ज्ञाला दाखवावा.

फ्लँजवर चिकटलेले जुन्या पॅकिंगचे अवशेष प्लास्टिकच्या किंवा पितळी पट्टीने खरवडावेत. ग्राइंडरवरची खरखरीत चकती वापरू नये. तिने पडलेला उथळ खड्डा नव्या पॅकिंगलाही भरून काढता येत नाही. शेवटी स्टीलची पट्टी फ्लँजवर उभी धरून खालून टॉर्च मारावा. पट्टीखालून मधोमध उजेड दिसला तर फ्लँज वाकलेला आहे, आणि तो सपाट करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

जोडणी

नवा पाइप उचलताना कन्व्हर्टरला धक्का बसू देऊ नये. त्याची जाळी चिनी मातीच्या भांड्याइतकीच नाजूक असते. आत वेष्टनाचे प्लास्टिक किंवा बूच राहिले नाही ना, हे टॉर्चने पाहावे.

जोडणीचा नियम एकच: आधी सगळे टांगावे, मग आवळावे. टर्बोच्या फ्लँजवर नवी पॅकिंग ठेवून नट हाताने चढवावेत आणि सैल सोडावेत. ब्रॅकेट, फ्लेक्सचा सांधा, मधला पाइप, रबरे, सायलेन्सर हे सर्व याच पद्धतीने लावून घ्यावे. मग मागे उभे राहून टेलपाइप बंपरच्या खाचेत मधोमध आहे का ते पाहावे आणि तळाखालून ॲक्सल, पेट्रोलची टाकी, हँडब्रेकची केबल व पत्रे यांच्यापासून पाइप सगळीकडे बोटभर तरी लांब आहे ना ते तपासावे. तापल्यावर लाइन लांब होते आणि रस्त्यावर डोलतेही. रबरे एका बाजूला ताणलेली दिसली तर लाइन पिळलेली आहे.

आवळणे इंजिनाकडून मागे करावे. टर्बोचे नट एकदम पूर्ण आवळू नयेत. समोरासमोरचे थोडे थोडे असे दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत, म्हणजे पॅकिंग सगळीकडे सारखी दबते. साधारणपणे एम-८ आट्याला २० ते २५ आणि एम-१० ला ४० ते ५० न्यूटन-मीटर असा टॉर्क लागतो, पण त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडाच अंतिम मानावा. अँटीसीझ लावलेल्या आट्यांना तेवढ्याच टॉर्कमध्ये जास्त ताण बसतो, हे लक्षात ठेवून मॅन्युअल काय सांगते ते पाहावे. व्ही-बँड क्लॅम्प आवळताना बाहेरून हलक्या हातोडीने टकटक करावी, म्हणजे तो खाचेत चोहोबाजूंनी बसतो.

नव्या ऑक्सिजन सेन्सरच्या आट्यांना कंपनीने बहुधा लेप लावूनच दिलेला असतो. जुनाच सेन्सर परत लावायचा असेल तर फक्त आट्यांना किंचित अँटीसीझ लावावे, टोकाला बिलकूल लागू देऊ नये. सेन्सर आवळण्याआधी वायरीला पीळ पडत नाही ना हे पाहावे आणि वायर गरम पाइपपासून दूर, मूळच्या क्लिपांतच बसवावी.

पॅकिंगच्या जागी सिलिकॉन लावण्याची सवय या लाइनमध्ये घातक आहे. टर्बोजवळची उष्णता त्याला सोसत नाही आणि त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर निकामी होतो. एक्झॉस्ट पेस्ट वापरायचीच तर ती कन्व्हर्टरच्या पुढच्या, एकात एक बसणाऱ्या पाइपांपुरती आणि बेताने वापरावी.

गळतीची परीक्षा

इंजिन सुरू करण्याआधी एक सोपी परीक्षा घेता येते. व्हॅक्यूम क्लीनरच्या फुंकर मारणाऱ्या बाजूची नळी कपडा गुंडाळून टेलपाइपवर धरावी आणि सर्व सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडावे. जिथे बुडबुडे येतील तिथे फट आहे. गाडी थंड असल्याने सांधा तिथल्या तिथे सुधारता येतो.

मग बॅटरी जोडून गाडी उघड्यावर सुरू करावी. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत नव्या पाइपवरचा लेप आणि हातांचे तेल जळून थोडा धूर व वास येतो, त्यात वावगे काही नाही. मदतनीसाने जाड कपड्याने टेलपाइप क्षणभर झाकावा. लाइन बंद असेल तर कपड्यामागे दाब जाणवतो आणि इंजिनाचा सूर बदलतो. फस्‌ असा आवाज आला तर तो कुठून येतो ते ऐकावे. तापल्या सांध्याजवळ हात नेऊ नये.

यानंतर स्कॅनरने जुने कोड पुसून १५-२० किलोमीटरची फेरी मारावी. तीत थोडा चढ आणि थोडा मोकळा रस्ता असावा, म्हणजे टर्बो कामाला लागतो. परत आल्यावर कोड पुन्हा वाचावेत. साधारण १०० किलोमीटरनंतर, गाडी पूर्ण थंड असताना, क्लॅम्प आणि मागचे नट पुन्हा तपासावेत आणि सांध्यांवर काजळीचा नवा पंखा उमटलेला नाही ना ते पाहावे. शेवटी पीयूसी तपासणी करून घ्यावी. बीएस-४ आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांच्या तपासणीत लॅम्डा हा हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडाही मोजतात आणि तो ०.९७ ते १.०३ च्या आत असावा लागतो. लाइनमध्ये हवा शिरत असेल तर हा आकडा बिघडतो. घरच्या कामाचा असा त्रयस्थ दाखला थोड्या पैशांत मिळतो.

काढलेला कन्व्हर्टर भंगारात किलोच्या भावाने देऊ नये. त्यातल्या मौल्यवान धातूंमुळे त्याला वेगळी किंमत असते आणि तो योग्य पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा.

कायद्याची मर्यादा

टर्बो गाडीचा कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकण्याचा किंवा डीपीएफ पोकळ करण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. ताकद वाढते, आवाज भारी येतो, असे सांगितले जाते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा बदल मालकाला करता येत नाही. तसा बदल केल्यास कलम १८२-अ नुसार प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाची मर्यादा मोडणारी गाडी रस्त्यावर चालवल्यास कलम १९०(२) नुसार पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यासाठी अपात्रता अशी तरतूद आहे. मूळ मापाचा, मूळ दर्जाचा भाग मूळच्या जागी बसवणे यात कायद्याचा काही अडथळा नाही. कायद्यापलीकडेही एक साधी गोष्ट आहे. कन्व्हर्टर नसलेल्या गाडीचा धूर सिग्नलला मागे थांबलेल्या दुचाकीस्वाराच्या आणि फुटपाथवरून शाळेत चाललेल्या मुलांच्या छातीत जातो.

नवी पॅकिंग, साफ फ्लँज, समोरासमोर आवळलेले नट आणि कुठेही न घासणारी लाइन या चार गोष्टी साधल्या, तर घरी बसवलेला सायलेन्सर गॅरेजमध्ये बसवलेल्याइतकाच टिकतो. यांपैकी एकही साधत नसेल, तर काम अर्ध्यावर थांबवून गाडी टोइंग करून जाणकाराकडे न्यावी. त्यात कमीपणा नाही, कारण टोइंगचा खर्च नव्या टर्बोच्या किमतीपुढे काहीच नसतो.